एका आकड्याचा रक्तदाब होत नाही

केसपेपरवर ‘१४२/८८’ असा आकडा लिहून मिळाला की घरोघरी साधारण दोनपैकी एक प्रकार घडतो. एका घरात त्याच संध्याकाळपासून लोणचं-पापड बंद होतात, शेजारच्यांकडून मशीन मागून आणलं जातं आणि झोपेपर्यंत आठ-दहा वेळा दंडाला पट्टा बांधून होतो. दुसऱ्या घरात ‘जिना चढून गेले होते, वर तासभर रांगेत उभी होते, म्हणून वाढलं असेल’ असं म्हणत तो कागद फाइलीत जातो आणि दोन-दोन वर्षं बाहेर येत नाही. वरवर पाहता ही दोन टोकं आहेत. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: मशीनवर दिसला तो आपला रक्तदाब, आणि १४० ही आजारी व निरोगी माणसांच्या मधली भिंत. एका घराने तो निकाल मानला, दुसऱ्याने फेटाळला, इतकाच काय तो फरक. या प्रकरणात मला असं मांडायचं आहे की एकट्या आकड्याला निकाल मानणंच चूक आहे. तो पुरावा आहे, एकट्याने अपुरा आणि तरीही टाकून न देण्याजोगा. तो कसा गोळा झाला आणि त्याच्या जोडीला आणखी किती आकडे आहेत, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

वाहणारं रक्त रोहिण्यांच्या भिंतींवर जो जोर देतं तो रक्तदाब, आणि तो पाऱ्याच्या उंचीत मोजण्याचा प्रघात आहे. १२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा तोलून धरेल इतका दाब. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्यामुळे एवढ्याच दाबाने पाणी मात्र १६३ सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या उंचीइतकं चढेल. इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी हे जवळजवळ याच रूपात पाहिलं होतं. एका घोडीच्या रोहिणीला त्यांनी काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच चढलं. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ही नोंद आहे. त्या नोंदीत मला उंचीपेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: नळीतलं रक्त एका जागी स्थिर राहिलंच नाही. प्रत्येक ठोक्यागणिक ते काही इंच वरखाली होत होतं आणि मधूनच फूटभर उतरतही होतं. रक्तदाब पहिल्यांदा डोळ्यांना दिसला तोच असा हलता.

आपण ज्याला वरचं आणि खालचं बीपी म्हणतो ती या हालचालीचीच दोन टोकं. हृदय आकुंचन पावून रक्त महारोहिणीत ढकलतं तेव्हा दाब चढून जिथे पोचतो तो वरचा आकडा. हृदय सैलावून पुन्हा भरत असताना दाब उतरत जिथवर येतो तो खालचा. हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा ठोके देतं. दवाखान्यातलं मोजमाप त्यातले फार तर तीस-चाळीस ठोके पाहतं. त्यावरून उरलेल्यांबद्दल बोलायचं, तर मोजण्यात काटेकोरपणा हवा. प्रत्यक्षात तोच सर्वांत कमी असतो.

दंडाला पट्टा बांधून हवा भरायची युक्ती इटलीतल्या शिपिओने रिवा-रोची यांची, १८९६ सालची. त्यांना नाडी चाचपून फक्त वरचा दाब कळत असे. १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला आणि खालचा दाबही ऐकू येऊ लागला. पट्टा फुगवून रोहिणी पूर्ण दाबली की आवाज नाही. हवा सोडत गेलं की रक्त झटक्याझटक्याने आत शिरतं आणि टक् टक् ऐकू येतं, तो पहिला आवाज वरच्या दाबाचा. रोहिणी पूर्ण मोकळी झाली की आवाज थांबतो, तो क्षण खालच्या दाबाचा. हवा घाईने सोडली तर दोन ठोक्यांच्या मधे पारा आठ-दहा मिलिमीटर घसरतो आणि तेवढी चूक आकड्यात शिरते. पाऱ्याच्या उपकरणावरच्या रेषा दोन-दोन मिलिमीटरच्या अंतराने असतात, म्हणजे त्यावर वाचलेला आकडा समच हवा. तरीही जुन्या केसपेपरांवर १२५ किंवा १३५ लिहिलेलं सापडतं. ते वाचलेलं नसतं, अंदाजाने टाकलेलं असतं. त्याहून जास्त वेळा आकड्याच्या शेवटी शून्य असतं: १३०/८०, १४०/९०, १५०/१००. सगळं नीट वाचलं असतं तर शून्याने संपणारे आकडे पाचांत एक निघाले असते. घरातलं इलेक्ट्रॉनिक मशीन असं गोल करत नाही, पण ते आवाजही ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला ठोक्यांमुळे बसणारे हादरे टिपून, कंपनीने ठरवलेल्या हिशोबाने ते वरचा-खालचा दाब काढतं. म्हणूनच नाडी फार अनियमित असलेल्या माणसात ते गोंधळतं, आणि म्हणूनच मशीन घेताना त्याची रीतसर पडताळणी झालेली आहे की नाही हे विचारणं किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे.

मोजणाऱ्याची चूक बाजूला ठेवली तरी मोजला जाणारा माणूस बदलत असतो. रात्रीच्या गाढ झोपेत निरोगी माणसाचा दाब दिवसाच्या तुलनेत १० ते २० टक्के उतरतो आणि पहाटेपासून पुन्हा चढू लागतो. बोलताना तो वाढतो, लघवी तुंबली असली तरी वाढतो, चहा-तंबाखूनंतर काही काळ वाढलेला राहतो. आणि डॉक्टर समोर आल्यानेही वाढतो. १९८३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी रुग्णांच्या रोहिणीत बारीक नळी ठेवून दाब सतत नोंदवला. डॉक्टर खाटेजवळ आल्यावर काही मिनिटांतच वरचा दाब सरासरी २७ आणि खालचा १५ मिलिमीटरने वाढलेला दिसला. यात भित्रेपणाचा प्रश्न नाही, शरीराचा तो नेहमीचा प्रतिसाद आहे. दवाखान्यात दाब जास्त आणि घरी मात्र ठीक, अशा अवस्थेला पांढऱ्या कोटाचा रक्तदाब म्हणतात. याची उलटी बाजू कमी लोकांना ठाऊक आहे आणि जास्त धोक्याची आहे: दवाखान्यात १२८/७८ आणि घरी, कामावर, रात्री मात्र वाढलेला. हा दडलेला रक्तदाब दवाखान्यातल्या एका चांगल्या आकड्याआड सुखाने वाढत राहतो.

त्यात भर पडते बसण्याच्या पद्धतीची. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत काय होतं ते आठवून पाहा. पाठ न टेकता स्टुलावर बसायचं, शर्टाची बाही दंडापर्यंत आवळून वर सरकवायची, हात मांडीवर किंवा तसाच लोंबकळत, आणि पट्टा फुगत असतानाच ‘काय होतंय?’ हा प्रश्न व त्याचं उत्तर. यातली एकही गोष्ट बिनमहत्त्वाची नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर दोन्ही आकडे सुमारे ४ ने वाढलेले आढळले. हात बाजूला लोंबता ठेवला तर वरचा साडेसहाने आणि खालचा ४ हून अधिक वाढला. तिथल्याच संशोधकांचा आदल्या वर्षीचा अभ्यास पट्ट्याच्या मापाचा होता. ज्यांच्या दंडाला सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला, तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने फुगला. १२२ चा दाब असलेला जाड दंडाचा माणूस केवळ पट्ट्याच्या मापामुळे १४१ वर पोचतो, आणि त्याच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी पडू शकते.

इथे एक आक्षेप सहज येईल आणि तो रास्त आहे. मोजणारा चुकतो, मशीन अंदाज बांधतं, शरीर घडीघडीला बदलतं, तर मग मोजायचंच कशाला? उत्तर असं की या चुका दोन जातींच्या आहेत. हात लोंबता ठेवणं, पट्टा लहान असणं, बोलणं या चुका आकड्याला बहुतेक वेळा एकाच दिशेने ढकलतात. त्या सरासरीने जात नाहीत, पद्धत सुधारूनच जातात. दाबाची स्वतःची वरखाली मात्र दोन्ही दिशांनी होते, आणि अनेक आकड्यांची सरासरी काढली की ती बरीचशी निवळते. म्हणून जगभरच्या तज्ज्ञांनी घरी मोजण्याची एक साधी शिस्त घालून दिली आहे. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, तळपाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एखादं मिनिट सोडून. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. पहिला दिवस सोडायचा, कारण नव्या मशीनपुढे माणूस घरातही थोडा ताठरतोच.

समजा, सुरुवातीच्या त्या १४२/८८ वाल्या व्यक्तीने हे केलं. पहिल्या सकाळी १४८/९२ आला, दुसऱ्या दिवशी १३६/८४, एका संध्याकाळी १२६/७८, आणि सहा दिवसांच्या चोवीस आकड्यांची सरासरी १३१/८२ निघाली. घरच्या सरासरीसाठी मर्यादा १३५/८५ धरतात, म्हणजे ती दवाखान्यातल्या १४०/९० पेक्षा थोडी खाली आहे. या व्यक्तीला आज गोळी लागणार नाही असं डॉक्टर बहुधा सांगतील. मीठ, वजन, चालणं याबद्दल बोलतील आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजायला सांगतील. सरासरी १४४/९१ आली असती तर जिन्याची आणि रांगेची सबब संपली असती. पद्धत तीच, आकडे जोडून पाहण्याचा आग्रहही तोच; एकीकडे त्याने भीती कमी केली, दुसरीकडे बेफिकिरी. ज्यांचं घरच्या वहीवरूनही स्पष्ट होत नाही, त्यांच्या दंडाला चोवीस तास पट्टा बांधून झोपेतले आकडेही घेता येतात. त्या पूर्ण दिवसाच्या सरासरीची मर्यादा १३०/८० आहे.

आता त्या भिंतीकडे, म्हणजे १४० कडे वळू. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये रॉबर्ट प्लॅट आणि जॉर्ज पिकरिंग या दोन वैद्यकतज्ज्ञांमध्ये यावर मोठा वाद झाला. प्लॅट यांचं म्हणणं, उच्च रक्तदाबाची माणसं हा एक वेगळाच गट आहे. पिकरिंग यांचं म्हणणं, लोकसंख्येतले आकडे सलग पसरलेले असतात, मधे कुठेही खाच नाही, रेघ आपण ओढतो. पुढच्या पुराव्याने पिकरिंग यांची बाजू उचलून धरली. २००२ मध्ये ६१ अभ्यासांतल्या सुमारे १० लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ४० ते ६९ या वयात, ११५/७५ पासूनच पुढे, वरचा दाब दर २० ने किंवा खालचा दर १० ने जास्त असेल तर पक्षाघाताने आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका साधारण दुप्पट आढळला. १४० जवळ आल्यावर धोका अचानक सुरू होतो असं नाही. १३८ आणि १४२ या दोन माणसांत प्रकृतीचा काहीच म्हणण्याजोगा फरक नसतो. १२२ आणि १४२ मध्ये मात्र मोठा असतो.

मग रेघ कशासाठी? उपचार कधी सुरू करायचा हे ठरवण्यासाठी. गोळीचा फायदा तिच्या त्रासापेक्षा आणि खर्चापेक्षा निश्चित जास्त कुठून ठरतो, याचा तो निवाडा आहे, आणि निवाडे वेगळे असू शकतात. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये ही रेघ १३०/८० वर आणली. जागतिक आरोग्य संघटना आणि भारताचा सरकारी कार्यक्रम १४०/९० वर आहेत. युरोपातल्या २०२४ च्या सूचनांनी १४०/९० कायम ठेवून १२०/७० पासून वरच्या पट्ट्याला ‘वाढता’ असं वेगळं नाव दिलं. ‘डॉक्टरांचंच एकमत नाही, औषध कंपन्यांसाठी आकडे खाली आणतात’ असा संशय यातून निघतो. औषध कंपन्यांच्या हितसंबंधांवर नजर ठेवलीच पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पण या बदलामागचा मोठा पुरावा, २०१५ चा स्प्रिंट अभ्यास, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या पैशातून झाला. त्यात ५० वर्षांवरच्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ९,३६१ जणांपैकी निम्म्यांचा वरचा दाब १२० च्या खाली आणायचं ठरलं, निम्म्यांचा १४० च्या खाली. पहिल्या गटात हृदयविकाराच्या मोठ्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या. मात्र मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले त्यात नव्हते, आणि दाब मोजला होता तो पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर, आपोआप तीनदा मोजणाऱ्या मशीनने. त्या १२० ची बरोबरी गर्दीच्या ओपीडीतल्या घाईच्या १२० शी करता येत नाही. मोजण्याची रीत सांगितल्याशिवाय कुठलंही उद्दिष्ट सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वांत चिवट आक्षेप वयाचा. ‘शंभर अधिक वय, इतकं बीपी चालतं’ हा हिशोब अजूनही ज्येष्ठांच्या कट्ट्यांवर ऐकू येतो. वयाबरोबर वरचा दाब वाढतो हे खरं आहे, कारण महारोहिणीची लवचिकता जाते आणि ढकललेलं रक्त तिला ताणू शकत नाही. म्हणूनच उतारवयात वरचा १६५ आणि खालचा ७५ असं चित्र दिसतं आणि ‘खालचं बीपी छान आहे’ असा खोटा दिलासा मिळतो. पण नेहमी आढळणारी गोष्ट निरुपद्रवी असतेच असं नाही. १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या अमेरिकी अभ्यासात ६० वर्षांवरच्या, फक्त वरचा दाब वाढलेल्या लोकांना स्वस्त मूत्रल गोळीपासून सुरुवात करून उपचार दिले, तर पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००८ मध्ये ८० वर्षांवरच्या लोकांतही उपचारांनी मृत्यू कमी झालेले दिसले. अर्थात म्हाताऱ्या माणसात उभं राहिल्यावर दाब एकदम उतरण्याचा धोका असतो, म्हणून त्यांचा दाब उभ्यानेही मोजायला हवा. तीन मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगायला हवं. ही काळजी घेऊन उपचार करावे लागतात. ते टाळायला ही सबब पुरत नाही.

वयाच्या नावावर आकडे सोडून दिले की काय होतं याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं आहे. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासलं तेव्हा दाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेलं होतं. त्यांचे नेहमीचे डॉक्टर मात्र प्रकृती वयाच्या मानाने ठीक असल्याचं जगाला सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ६३ व्या वर्षी ते गेले. त्या दिवशीचा दाब ३००/१९० नोंदवला गेला. त्या काळी उपयोगी औषधंच नव्हती, आणि अरुंद रोहिण्यांतून रक्त ढकलायला जास्त दाब लागतोच असं अनेक डॉक्टर मानत. ती समजूत मोडली १९६७ मध्ये. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांवर चाचणी झाली. नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांत गंभीर घटना २७ झाल्या, औषध मिळालेल्यांत २.

आणि ‘मला काहीच त्रास नाही’ हा शेवटचा आक्षेप. त्रास नसतोच. डोकं दुखणं, गरगरणं यांवरून दाब ओळखता येत नाही. तो वर्षानुवर्षं मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, हृदय आणि मेंदू यांच्या बारीक रोहिण्या झिजवत राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत दाब वाढलेला होता किंवा त्यासाठी गोळी चालू होती. गोळी सुरू झाल्यावर आकडा उतरला की अनेकजण ‘आता नॉर्मल आलं’ म्हणून ती बंद करतात. तो आकडा गोळीमुळे आलेला असतो. डॉक्टरांना न विचारता ती थांबवली की तो परत चढतो.

एकाच आकड्यावर तातडीने धावायची वेळ एका परिस्थितीत येते. दाब १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं किंवा दिसेनासं होणं यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. पक्षाघाताची किंवा छातीची अशी लक्षणं असतील तर आकडा कितीही असो, हेच करा. लक्षणं काहीच नसतील तर पाच मिनिटं शांत बसा, पुन्हा मोजा, आणि तरीही तितकाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. गोळी जिभेखाली फोडून दाब झटक्यात उतरवण्याचा जुना घरगुती उपाय करू नका. त्याने मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा एकाएकी कमी होऊ शकतो.

पुढच्या तपासणीला जाताना सात दिवसांची वही बरोबर न्या आणि मशीनही पिशवीत टाका. दवाखान्यातल्या मशीनशी ते एकदा ताडून पाहा, आणि दोन्ही दंडांचा दाब एकदा तरी मोजून घ्या. ज्या दंडात जास्त येईल तोच पुढे वापरायचा. घरी मशीन नसेल तर त्यासाठी थांबू नका. तिशी ओलांडलेल्या कुणाचाही रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मोजून मिळतो.